जाळी नंतर, आधी झाड

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस स्थिरावला की गच्चीवर, अंगणात, सोसायटीच्या बागेच्या कोपऱ्यात फुलपाखरांसाठी जाळी बांधायची हौस आता बऱ्याच घरांत दिसते. हौस चांगलीच आहे. पण होतं असं की आधी तयार जाळी घरपोच मागवली जाते, मग कुठून तरी अळ्या आणल्या जातात आणि त्यांना खायला काय घालायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आठ दिवसांत अळ्या काळ्या पडतात, उरलेल्यांचे कोष वाळून जातात आणि ‘आमच्याकडची हवाच मानवत नाही’ असं म्हणून जाळी माळ्यावर जाते. हवेचा दोष क्वचितच असतो. पान चुकलेलं असतं, पानात विष असतं, नाहीतर एका रोपावर झेपणार नाहीत इतक्या अळ्या कोंबलेल्या असतात. या तिन्ही गोष्टी टाळता येतात, म्हणून हे पत्र थोडं लांबलं तरी तपशिलात लिहीत आहोत.

अळी पानाच्या बाबतीत फार हट्टी असते. लिंबू फुलपाखराची अळी लिंबू, बेल, कढीपत्ता खाईल, पण समोर जास्वंदीचा ढीग ठेवला तरी उपाशी मरेल. कॉमन मॉरमॉनचंही तसंच. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या ब्ल्यू मॉरमॉनला, म्हणजे नीलवंताला, लिंबूवर्गीय झाडंच लागतात. पपनसाची मोठी पानं त्याला चांगली मानवतात, रानात माकडलिंबूवर त्याच्या अळ्या मिळतात. प्लेन टायगरला रुई किंवा बागेतलं हळदकुंकू, कॉमन क्रोला कण्हेर, टेल्ड जेला सीताफळ किंवा कुंपणाला लावतात तो हिरवा अशोक, कॉमन एमिग्रंटला बहावा, टॉनी कोस्टरला कृष्णकमळ, कॉमन कॅस्टरला एरंड. म्हणजे ‘कोणतं फुलपाखरू पाळू’ हा प्रश्नच उलटा आहे. आपल्या परसात आणि आसपास कोणतं झाड मुबलक आहे ते आधी बघावं, फुलपाखरू त्यावरून ठरतं.

पहिल्या वर्षी लिंबू फुलपाखरू घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. ते जवळजवळ वर्षभर मिळतं, कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे आहे, आणि झाड लावण्याची सबब उरत नाही, कारण कढीपत्ता घरोघरी असतो. मात्र एका रोपावर भागत नाही. १२ इंची कुंडीत वाढलेल्या दोन-अडीच फुटी लिंबाच्या रोपावर शेवटच्या टप्प्यातल्या पाच-सहा अळ्या पुरे. अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक सगळं शेवटच्या पाच-सहा दिवसांत खाते. त्यामुळे सुरुवातीला ‘केवढी पानं उरलीत’ असं वाटतं आणि एका रविवारी नुसते काटे शिल्लक राहतात. रोपांचे तीन गट करावेत. एक अंडी घालण्यासाठी, एक अळ्यांना खाण्यासाठी, एक खाऊन झाल्यावर पुन्हा फुटण्यासाठी बाहेर उन्हात. प्रत्येक गटात किमान चार कुंड्या, म्हणजे बारा रोपं. अंड्यांसाठीच्या रोपाला कोवळी पालवी हवी, म्हणून तीन आठवडे आधी शेंडे छाटून शेणखत द्यावं.

आता विषाबद्दल. रोपवाटिकेतून आणलेलं लिंबाचं चकचकीत, एकही पान न खाल्लेलं रोप बघून आनंद होतो, पण तेच सर्वात धोक्याचं असतं. लिंबावर पानं पोखरणारी अळी, मावा, काळी माशी येते, म्हणून रोपवाटिकेत आंतरप्रवाही कीटकनाशक, बहुधा इमिडाक्लोप्रिड, मुळाशी ओततात किंवा फवारतात. ते रसात भिनतं, त्यामुळे पान धुऊन काहीच उपयोग होत नाही. अळीने असं पान खाल्लं की ती अंग आपटते, तोंडातून हिरवं पाणी ओकते, पायांची पकड सुटून खाली पडते आणि दिवसभरात मरते. रोगाने मरणारी अळी अशी झटके देत नाही, ती मंदावत जाते. दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे, कारण उपाय वेगळे आहेत. नवीन रोप निदान दोन-तीन महिने वेगळं ठेवावं, जुनी पालवी छाटून टाकावी, आणि नव्या फुटव्यावर आधी दोनच अळ्या सोडून तीन दिवस बघावं. बाजारातून आणलेला कढीपत्ता अळ्यांना कधीच घालू नये.

निंबोळी अर्क सेंद्रिय आहे, तेव्हा चालतो, असा एक पक्का समज आहे. तो अळ्यांच्या जिवावर उठतो. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची प्रक्रियाच बिघडवतं. अळी दिवसेंदिवस तेवढीच राहते, मग अर्धी कात अंगावर अडकून मरते. अळ्यांसाठी ठेवलेल्या रोपावर मावा आला तर पाण्याची बारीक धार मारावी, बोटाने पुसावा, बस्स. बीटी नावाने मिळणारी जैविक पावडर तर अळ्या मारण्यासाठीच असते. गच्चीवर डासांची अगरबत्ती किंवा लिक्विडची यंत्रं चालू असतील तर तीही बंद ठेवावीत. त्यातली द्रव्यं डास आणि अळी असा भेद करत नाहीत.

अंडी शोधायची तर सकाळी नऊ ते अकराच्या उन्हात लिंबापाशी उभं राहावं. मादी पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान थोपटून चाखते, पोट वाकवते आणि एक अंडं ठेवून निघून जाते. कोवळ्या पानाच्या कडेला किंवा शेंड्यावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळा, गोल मणी दिसेल. ते अंडं सोलून काढू नये, पान देठासकट खुडून आणावं. उन्हाळी हवेत तीन-चार दिवसांत अंडं काळपट होतं, आतल्या अळीचं डोकं कवचातून दिसू लागतं. दोन दिवस उलटूनही काळं अंडं फुटलं नाही तर आत इवल्या गांधीलमाशीची पिल्लं आहेत असं समजावं, ती काही जाळीने अडत नाहीत. बाहेर आलेली अळी पहिल्यांदा स्वतःचं कवच खाते. तेवढं खाऊन होईपर्यंत तिला हलवू नये.

लहान अळ्या झाडावर न ठेवता डब्यात वाढवल्या तर वाचण्याचं प्रमाण चांगलं राहतं. एक लिटरची पारदर्शक बरणी घ्यावी. तोंडाला धुवट मलमलीचा तुकडा रबरबँडने लावावा, घट्ट झाकण नको, कारण पानाची वाफ साचून बुरशी धरते. तळाला टिश्यू पेपर घालावा. एका बरणीत चारपेक्षा जास्त अळ्या नकोत, शेवटच्या टप्प्यात दोनच. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचायची असेल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करावं, नाहीतर अळी देठावरून खाली चालत जाऊन पाण्यात बुडते. रोज सकाळी लेंड्या झटकून कागद बदलायचा. लेंड्या कोरड्या, टणक असतील तर सगळं ठीक आहे. त्या पातळ, चिकट झाल्या की एक तर पान ओलं आहे, नाहीतर रोग शिरला आहे, नाहीतर अळी कोषावर निघाली आहे.

अळी चार वेळा कात टाकून शेवटच्या, पाचव्या टप्प्यात जाते. कात टाकायच्या आधी ती पानावर रेशमाची गादी विणून तिला पाय अडकवते आणि दिवसभर निश्चल राहते. ती मेली असं समजून लोक तिला चिमट्याने ओढतात, तिथेच ती फाटते. हलवायचंच असेल तर पानाचा तेवढा तुकडा कात्रीने कापून उचलावा. एरवी चित्रकलेचा दोन नंबरचा मऊ ब्रश वापरावा, बोटं नकोत. लिंबू फुलपाखराची अळी पहिल्या चार टप्प्यांत पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी दिसते, पाचव्यात एकदम हिरवीगार होते, तेव्हा ‘दुसरीच अळी शिरली’ म्हणून कुणी फेकू नये. डिवचलं की मानेमागून केशरी दुहेरी शिंग बाहेर येतं आणि लिंबाचा उग्र वास सुटतो. तो तिचा बचाव आहे, तिला उगाच पुनःपुन्हा छेडू नये.

रुईवरच्या अळ्या सांभाळताना एक खबरदारी सांगायला हवी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. पान तोडताना हातमोजे घालावेत, चीक गळून जाऊ द्यावा, आणि हे काम लहान मुलांवर सोपवू नये.

पावसाळ्यातला मोठा शत्रू म्हणजे विषाणूचा रोग. अळी वर चढते, मागच्या पायांनी लटकते, मऊ पडून काळी होते आणि हात लावताच फुटून तपकिरी पाणी गळतं. ते पाणी म्हणजे लाखो विषाणू. अशी अळी दिसली की पानासकट, कागदासकट पिशवीत बांधून फेकावी. बरणी आणि ब्रश एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून, स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवावेत. त्या बरणीतल्या इतर अळ्या वेगळ्या ठेवाव्यात, निरोगी अळ्यांत मिसळू नयेत. गर्दी, ओली पानं आणि साचलेल्या लेंड्या ही तीन कारणं. पावसात भिजलेली पानं फडक्याने कोरडी करून मगच घालायची.

पाचव्या टप्प्याच्या शेवटी अळी खाणं सोडते, पातळ लेंडी टाकून पोट रिकामं करते आणि भटकायला लागते. हा क्षण पकडला पाहिजे, कारण कोषावर घाला घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या नेमक्या याच वेळेला टपलेल्या असतात. त्या अळीच्या अंगावर बसून ती कोष होण्याची वाट बघतात आणि कोषाचं कवच मऊ असतानाच त्यात अंडी घालतात. पुढे कोष तपकिरी, कोरडा होतो, टाचणीने पाडल्यासारखं एक छिद्र दिसतं आणि त्यातून डझनांनी बारीक माश्या निघतात. दुसरी एक माशी अळीच्याच अंगावर अंडी घालते. तिचं पांढरं कीड कोषातून बाहेर पडून बरणीच्या तळाला तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी कोष करतं. बाहेरून मोठी अळी आणली तर हे हमखास भोगावं लागतं. म्हणून अळ्या नव्हे, अंडी आणावीत.

कोषासाठी बरणीत खरखरीत काटक्या उभ्या ठेवाव्यात, गुळगुळीत प्लास्टिक नको. लिंबू फुलपाखराची अळी शेपटीकडची गाठ चिकटवून कमरेभोवती रेशमाचा धागा बांधते आणि डोकं वर करून टेकते. पार्श्वभूमी पाहून कोष हिरवा किंवा तपकिरी होतो. प्लेन टायगर आणि कॉमन क्रोचे कोष उलटे लोंबतात. कॉमन क्रोचा कोष कण्हेरीच्या पानाखाली इतका लखलखीत चांदीसारखा असतो की त्यात आपल्या बोटांचं प्रतिबिंब दिसतं. कोष गळून पडला तर टाकून देऊ नये. लिंबू फुलपाखराच्या कोषासाठी खारे दाणे देतात तशी कागदाची निमुळती पुडी करावी, कोष डोकं वर करून अलगद आत ठेवावा आणि पुडी जाळीला टाचावी. बाहेर आलेलं फुलपाखरू पुडीच्या कडेला धरून चढतं. लोंबणाऱ्या कोषाची शेपटीकडची रेशमी गुंडी दोऱ्याने बांधून टांगता येते.

हवा गरम असेल तर आठ-दहा दिवसांत कोष पारदर्शक होऊन आतले पंख दिसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. त्याच्या खाली निदान चार इंच मोकळी जागा हवी. पंख लोंबत ठेवून त्यांत रक्तद्रव भरायला त्याला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही. हवा फार कोरडी असली तरी तेच होतं, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरनंतर कोषांवर रोज सकाळी पाण्याची बारीक फवार मारावी. बाहेर आल्यावर ते लालसर-तपकिरी पाणी टाकतं. ते रक्त नाही, कोषातला साठलेला मळ आहे. थंडीत काही कोष आठ दिवसांऐवजी काही आठवडे, कधी महिनेही तसेच राहतात. हातात जड वाटणारा, पोटाकडून किंचित हलणारा कोष जिवंत असतो, त्याला सांभाळावं. काळा, हलका, कडक झालेलाच टाकावा.

इथवरच्या कामाला दोन फुटी घडीची जाळी पुरते. खरी चूक तिथून पुढे होते. लिंबू फुलपाखराचे पंख पसरले तर आठ-दहा सेंटीमीटर भरतात, नीलवंताचे बारा ते पंधरा. दोन फुटी जाळीत ते दिवसभर कोपऱ्यात धडकत राहतं आणि दोन दिवसांत पंखांच्या कडा झिजून जातात. तिथे मिलन होत नाही, अंडी तर नाहीतच. मोठ्या जाळीला जागा नसेल तर फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख वाळताच सोडून द्यावं, यात काही कमीपणा नाही. उलट बहुतेक घरांनी एवढंच करावं.

अंड्यापासून अंड्यापर्यंतचं चक्र घरात चालवायचंच असेल तर ८ फूट लांब, ६ फूट रुंद, ७ फूट उंच एवढी खोली धरावी. इंची पीव्हीसी नळी, कोपऱ्यांना तीन तोंडांचे जोड. बाहेरच्या बाजूला ३ बाय ३ फुटांची देवडी, दोन पडद्यांची, म्हणजे आत जाताना एक पडदा बंद करून दुसरा उघडता येतो. देवडीसकट वीस फुटी सात नळ्या लागतात. खालच्या नळ्यांत वाळू भरावी, नाहीतर पावसाळी वाऱ्याने सांगाडा उचलला जातो. मच्छरदाणीची मऊ पांढरी नायलॉन जाळी साडेतीनशे चौरस फूट घ्यावी, शिलाईचं वाया जाणारं त्यातच धरलं आहे. लोखंडी जाळी कधीही वापरू नये, ती तापते आणि पंख कापते. खालची किनार सहा इंच मातीत गाडावी किंवा वाळूच्या पिशव्यांनी दाबावी, कारण उंदीर कोष खातात आणि पाल फुलपाखरं.

दिशा महत्त्वाची. सकाळचं ऊन पूर्वेकडून मोकळं यायला हवं, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही. पश्चिमेला आणि छताच्या पश्चिम अर्ध्या भागाला पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट. नुसती उघडी पांढरी जाळी ठेवली तर सगळी फुलपाखरं दुपारी छताच्या सर्वात लख्ख कोपऱ्यात जमतात आणि तिथेच तापून मरतात. २५ ते ३२ अंश त्यांना सुखाचे, ३७-३८ च्या पुढे हाल. कोकणात छताच्या एक तृतीयांश भागावर उतारावर पारदर्शक पत्रा टाकावा, मुसळधार पावसात त्याखाली कोरडी जागा राहते. कुंड्या विटांवर चढवून फुलं कमरेच्या उंचीवर आणावीत. जमिनीलगतची फुलं फुलपाखरांना सापडत नाहीत.

खायला पेंटास, एक्झोरा, सदाफुली, झेंडू, पगोडा. यांपैकी पगोडाच्या लाल तुऱ्यांवर मॉरमॉन जातीची फुलपाखरं सर्वाधिक वेळ घालवतात. टणटणीही त्यांना आवडते, पण ती कुंडीबाहेर जाऊ देऊ नये, आपल्या डोंगरांवर तिने आधीच पुरेसा धुमाकूळ घातला आहे. फुलं कमी पडली तर एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम साखर, ते उथळ ताटलीत लाल किंवा पिवळ्या स्पंजवर ओतून ठेवावं आणि रोज बदलावं. दुसऱ्या दिवशी ते आंबतं. बॅरोनेटसारखी फुलपाखरं फुलांकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना काळं पडलेलं केळं किंवा फणसाचा गर ठेवायचा.

नरांना एवढ्याने भागत नाही, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. लिंबू फुलपाखराचे, मॉरमॉनचे नर ओल्या मातीतून क्षार घेतात, तेच चिखलपान. जाळीत एका परातीत नदीची वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, एवढी सोय करावी. प्लेन टायगर, कॉमन क्रो यांच्या नरांना खुळखुळा आणि भुरुंडी यांच्या सुकत चाललेल्या पानांतली विशिष्ट अल्कलॉइड द्रव्यं लागतात. मादीला रिझवणारा गंध ते त्यापासून बनवतात. ती मिळाली नाहीत तर नर माद्यांमागे फिरतात, माद्या त्यांना नाकारतात आणि पाळणारा बुचकळ्यात पडतो. खुळखुळ्याची दोन उपटलेली, अर्धवट वाळलेली झाडं जाळीत टांगून त्यांवर सकाळी पाणी शिंपडावं. नर पानांना नखांनी ओरखडत बसलेले दिसतील.

मॉरमॉनची जोडी जाळीत आपणहून जमली नाही तर हाताने जुळवता येते. नर बाहेर येऊन दोन दिवस झालेला असावा, मादी एका दिवसाची चालते. दोघांचे पंख मिटून धरायचे, पोटांची टोकं काटकोनात आणायची, नराच्या पोटाचं टोक अलगद दाबलं की पकडीचे दोन पापुद्रे उघडतात. मादीचं टोक त्यांत आलं की तो स्वतःच पकडतो. मग दोघांना जाळीवर टेकवून हात काढावा. तासभर तरी त्यांना हलवू नये. भावा-बहिणींच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावल्या तर अंडी वांझ निघू लागतात, म्हणून दर दुसऱ्या पिढीला आसपासच्या झाडांवरची ताजी अंडी आणावीत आणि आधीची फुलपाखरं सोडावीत.

पतंगांचं गणित निराळं आहे. तगर, कण्हेर आणि सदाफुलीवर ऑलिएंडर हॉकमॉथची बोटभर हिरवी अळी मिळते, मानेवर काळ्या कडेचे दोन निळे डोळे, शेपटीला पिवळं बोंडासारखं शिंग. कोषाची वेळ आली की ती तपकिरी पडते आणि झाडावरून उतरते. तेव्हा तिला पाच इंच ओलसर कोकोपीट आणि वर वाळक्या पानांचा थर घातलेल्या बादलीत सोडावं. ती पाचोळ्यातच विरळ जाळं विणून कोष करते, उकरून बघू नये. तीळ आणि वांग्यावरच्या डेथ्स हेड हॉकमॉथला मात्र खोल माती लागते, सहा इंचांपेक्षा कमी नको. बादलीत एक खरखरीत फांदी तिरकी उभी ठेवावी. बाहेर आलेल्या पतंगाला चढून लोंबायला ती लागते, नाहीतर पंख चुरगळतात. हे पतंग घरच्या जाळीत जोडी करत नाहीत, अंधारात जोराने धडकून पंख फाडून घेतात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर सोडावेत, आणि त्या वेळी गच्चीवरचा दिवा बंद असावा. ज्यांच्या परसात मधुमालती किंवा नर पपई आहे तिथे ते पुन्हा येतात. पपईची रात्रीची परागण-सेवा बरीचशी याच पतंगांची.

ॲटलास पतंगाला तोंडच नसतं. पेरू, सीताफळ, दालचिनीवर अळीपणी खाल्लेल्या साठ्यावर तो आठवडाभर जगतो. त्याची मादी कोषातून बाहेर आली तर तिला झाडाखाली जाळीत टांगून ठेवावी, रात्री तिच्या गंधावर रानातले नर जाळीपर्यंत येतात. भंडारा, गडचिरोलीकडे ऐनावर टसरचा कोसा पिकवणाऱ्या मंडळींना हे नव्याने सांगायला नको. केसाळ सुरवंट मात्र घरात आणू नयेत, कित्येकांचे केस टोचून अंगावर गांधी उठतात.

एक गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूचींत अनेक फुलपाखरं आहेत, २०२२ च्या दुरुस्तीने त्या अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सापसंदावर वाढणारं क्रिमसन रोझ आणि घोळीवर वाढणारं डॅनाइड एगफ्लाय ही बागेत सहज दिसणारी फुलपाखरं पूर्वीच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत होती. तेव्हा जात ओळखल्याशिवाय काहीही उचलू नये आणि शंका असेल तर वनविभागाला विचारावं. इथेच एक घोटाळा होतो. लिंबावर वाढवलेल्या कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब क्रिमसन रोझसारख्या लाल-पांढऱ्या निघतात. अंग बघावं. क्रिमसन रोझचं डोकं आणि पोट लाल असतं, मॉरमॉनच्या मादीचं काळं. परराज्यातून कोष मागवून इथे सोडण्याचा प्रकार तर कुणीच करू नये. अंडं जिथून आणलं त्याच परिसरात फुलपाखरू सोडायचं, सकाळी ऊन वर आल्यावर, पाऊस नसताना.

जाळीची मुळात गरज किती, हे ठाण्याजवळच्या ओवळेकर वाडीत जाऊन बघावं. तिथे जाळी नाही. खाद्यवनस्पती आणि फुलझाडं लावली, फुलपाखरं आपणहून आली. बंगळूरजवळ बन्नेरघट्टा इथे २००६ पासून फुलपाखरांसाठी मोठा बंदिस्त घुमट आहे, पण तो सांभाळायला प्रयोगशाळा आणि रोपवाटिका मागे उभी आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन मागण्या. पहिली रोपवाटिकांकडे. लिंबू, कढीपत्ता, बेल, सीताफळ यांच्या रोपांवर कोणतं कीटकनाशक कधी दिलं याची चिठ्ठी कुंडीला लावावी. गिऱ्हाइकांनी ती मागावी. दुसरी महापालिका आणि नगरपालिकांकडे. डेंग्यूच्या दिवसांत धूरफवारणी लागतेच, तिला आमचा विरोध नाही. पण कोणत्या प्रभागात कोणत्या संध्याकाळी गाडी येणार हे आदल्या दिवशी जाहीर झालं, तर जाळीवर प्लास्टिकची ताडपत्री दोन तास टाकता येते आणि बरण्या घरात घेता येतात. आज मात्र गाडीचा आवाज कानावर येईपर्यंत धूर गच्चीवर पोचलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीच्या तळाशी पंख पसरून पडलेली फुलपाखरं गोळा करावी लागतात. आपण शहराच्या पानावर पाणीकपातीचं वेळापत्रक छापता, त्याच्याच खाली या दोन ओळींना जागा द्यावी, ही विनंती.

आपले,
परसबागेत फुलपाखरं वाढवणारे काही वाचक,
ठाणे